बाराचा नळ

उन्हाळ्याची चौकशी करायला माणसं डिसेंबरात येतात, असं नागपुरात कोणाला सांगितलं तर तो तोंडावर हसेल. पण शामला गणवीर आली होती. अंगात स्वेटर, खांद्याला शबनम, हातात छापील प्रश्नांचा गठ्ठा. तिचा तरी काय इलाज? सरकारचं अनुदान मंजूर झालं दिवाळीनंतर आणि ते संपवायचं होतं मार्च-एंडच्या आत. मे महिन्यात अभ्यास केंद्राला कुलूप, सगळे सुट्टीवर. मग उन्हाळ्याबद्दल विचारायचं कधी, तर हिवाळ्यात. यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. शामलालाही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

केंद्राचे संचालक प्रोफेसर विश्वनाथ देवपुजारी. राहायला धरमपेठेत, अंगात बाराही महिने खादीचा बुशशर्ट, आणि माणूस मोठ्या तळमळीचा. त्यांना नावं ठेवायची तर जीभ अडखळते. ऐंशी-एक्याऐंशीचा तो काळ. हवा तापत चालली आहे असं म्हणणाऱ्याला लोक तेव्हा वेड्यात काढत. "नागपूर आहे बाप्पा, इथं उन्हाळा नाही तापणार तर काय काश्मीरला तापेल?" असं वर ऐकवत. सर मात्र हट्टाला पेटले होते. झाडं तुटली, तलाव बुजले, टिनाची छपरं वाढली, दर साली ऊन चढतंच आहे, आणि ते सगळ्यांत आधी गरिबाच्या डोक्यावर चढतं, असं ते ज्याला त्याला सांगत सुटत. पारा मोजणारे पुष्कळ आहेत, पण उन्हात राहणाऱ्याला कोणी विचारत नाही, हे त्यांचं पालुपद. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून झिजवून त्यांनी सरकारला एक उष्मा निवारण समिती नेमायला लावली. समितीचे सचिव म्हणून आले चौरागडे साहेब. वस्त्यांचा अभ्यास केंद्रानं करायचा आणि त्यावरून उपाय समितीनं करायचा, असं ठरलं.

पाहणीला निघणाऱ्यांना सरांनी एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. "लोक बोलतील तेच लिहायचं. त्यांच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही. तुम्हाला पटो न पटो." शामलानं हे मनावर कोरून घेतलं होतं. तिला ते फार आवडायचं. तिच्या माणसांच्या तोंडून आजवर दुसरेच बोलत आले होते, आता कोणी तरी त्यांचंच ऐकून लिहिणार होतं.

तिच्या वाट्याला खदानपुरा आला, तोही तिनंच मागून घेतलेला. खदानपुरा तिचं माहेर म्हणा, घर म्हणा. रेल्वेचा कोळसा उतरतो त्या सायडिंगमागची वस्ती. जमीन काळी, कोळशाच्या भुकटीची. झाड औषधालाही नाही. सगळ्या घरांवर टिन. आई गेली तेव्हा शामला मांडीवरची होती, तिला वाढवलं मनकर्णाआत्यानं. छप्पन साली दीक्षा घ्यायला अख्खी वस्ती निघाली, तेव्हा आत्या या पोरीला कडेवर घेऊन चालत गेली होती. पोरगी शिकली पाहिजे, हे तिनं तिथं त्या गर्दीत ठरवलं आणि मग संत्रा मार्केटात संत्री निवडून, पेट्या भरून तिनं ते तडीस नेलं. आता शामला एमए झालेली, सीताबर्डीच्या महिला वसतिगृहात राहणारी, केंद्रातली संशोधन सहायक. नोकरी अजून टेंपरवारी होती. जूनमध्ये पक्की होईल असं सर म्हणाले होते. आत्यानं ते साऱ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं.

तर डिसेंबरातली दुपार. आत्या दारात उन्हाला पाय पसरून बसली होती. शामलानं पहिला कागद तिच्यासाठीच काढला.

"आत्या, समज वस्तीत सरकारी नळ आला. पाणी एकच तास सोडता येईल. तर किती वाजता पाहिजे?"

"आमच्या इथं कायचा नळ वं? थट्टा करून राहिली काय म्हातारीची?"

"समज म्हटलं ना. येईलही. वेळ सांग."

आत्यानं विचार केला तो खराच केला. "बारा वाजता. सकाळी आमी साऱ्या मार्केटात, संत्र्याचा सीझन आहे. बाराले घरी येतो. मंग कसं, निवांत भरता येते. आन् दुपारचं ऊन कसं बरं लागते अंगाले."

शामला हसली आणि तिनं लिहिलं, दुपारी बारा. शेजारच्या इंदूबाईनं तेच सांगितलं. पलीकडच्या घरीही तेच. बाया एकमेकींकडे बघून बोलत होत्या आणि आपल्या पोरीचा कागद भरतोय म्हणून खुशीत होत्या. त्यांना त्या दुपारी मे महिना आठवला नाही. स्वेटर घातलेल्या शामलानं तो आठवून दिला नाही. तोंडात शब्द घालायचा नव्हता ना!

*

आणि काय सांगावं, नळ आला की. सरकारी काम एरवी कासवाच्या चालीनं चालतं, पण मार्च-एंड म्हटलं की त्यालाही पाय फुटतात. सायडिंगच्या बाजूनं जमिनीवरूनच पाइप टाकला, वस्तीच्या तोंडाशी सिमेंटचा ओटा बांधला, त्यावर पितळी तोटी. 'उष्मा निवारणाचा पहिला उपाय' असा फलकही लागला. उद्घाटनाला चौरागडे साहेब आले, सर आले, हार झाले, नारळ फुटला. सरांचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं लिहिलेल्या कागदांतून पहिल्यांदा काही तरी वाहत होतं.

चौरागडे साहेब गमत्या माणूस. भाषण संपवता संपवता म्हणाले, "हा नळ आमचा नाही बरं, तुमच्या शामलाबाईंचा आहे. वेळ तुम्ही सांगितली, त्यांनी लिहिली, आम्ही लावली. आता तक्रार आली, तर आम्ही शामलाबाईंनाच धरणार!"

सगळे खो खो हसले. शामलाही हसली. मनकर्णा तेवढी हसली नाही. साहेब लोकांच्या थट्टेत किती खरं असतं हे तिनं आयुष्यभर पाहिलेलं. तिनं ते वाक्य पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

त्या दिवसापासून वस्ती त्याला शामलेचा नळ म्हणू लागली. आणि त्याच महिन्यात रेल्वेच्या हौदावर कुंपण पडलं. आजवर बाया तिथून पहाटे गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, भरून आणायच्या, कोणी अडवत नव्हतं. आता तुमचा नळ आला, आता इकडे फिरकायचं नाही, असं चौकीदारानं सांगितलं. रीतसरच होतं ते. कोणाचं चुकलं म्हणावं?

एप्रिलच्या शेवटी शामला आत्याकडे आली ती नेमकी बाराच्या ठोक्याला, आणि वस्तीच्या तोंडाशीच थबकली. ओट्यापासून सायडिंगपर्यंत बायांची रांग. सावलीचा ठिपका कुठं नाही. डोक्यावर ओले पदर, ते बघता बघता कोरडे होऊन कडक झालेले. कोळशाची जमीन वरून तापलेली, खालून धुमसल्यासारखी. ज्यांच्या पायांत चपला नव्हत्या त्या या पायावरून त्या पायावर नाचत होत्या. तोटी सुटली तर आधी पाइपातलं उकळतं पाणी आलं, हात लावायची सोय नाही. ते वाहून जायची वाट बघावी, तोवर तास सरकतोय. धार करंगळीएवढी. रांग सोडून सावलीला जावं तर मागची पुढं घुसणार. संत्र्याचा सीझन तर केव्हाच संपला होता. सकाळच्या वेळी या सगळ्या बाया घरीच असायच्या, विड्या वळत.

रांगेच्या मधोमध आत्या उभी होती, ओठ पांढरे पडलेले, आणि शामलाला बघून हसत होती.

"आली काय वं? जाय, घरात बैस. पन्हं करून ठेवलं आहे."

"आत्या, हे काय आहे? या उन्हात? काहून उभी राहून राहिली तू?"

"मंग पानी काय पायानं चालत येईल घरी?"

एवढ्यात पुढची एक पोरसवदा सून मटकन खाली बसली. तिच्या तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला, तिला उचलून घरात नेलं. रांग मात्र हलली नाही.

*

शामला दुसऱ्याच दिवशी सरांसमोर उभी राहिली. तिनं पाहिलेलं सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला, नाही असं नाही. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"शामला, तू सांगतेस ते खरं असणार. पण आपला अहवाल गेला. त्यात लोकांनीच बारा सांगितलंय. आता आपणच म्हणायचं की लोकांचं चुकलं, आमचं ऐका? उद्या सरकार म्हणेल, यांचा अभ्यास बिभ्यास काही नाही, हे आपल्या मनातलं लिहितात. इतक्या वर्षांनी कुठं त्यांनी विश्वास ठेवलाय."

"सर, लोकांचं नाही चुकलं. आपण विचारलं तो महिना चुकला."

"मान्य. पुढच्या पाहणीत ते दुरुस्त करू. तसा प्रस्ताव देतो मी."

"पुढची पाहणी कधी?"

पुढची पाहणी पुढच्या हिवाळ्यात, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी सरांनी एक चिठ्ठी खरडून दिली आणि तिला चौरागडे साहेबांकडे पाठवलं.

चौरागडे साहेबांच्या खोलीत वाळ्याचे पडदे होते आणि शिपाई त्यांवर पाणी मारत होता. थंडगार अंधार, वाळ्याचा वास. साहेबांनी तिचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त राग येतो.

"बाई, वेळ बदलायला माझी ना नाही. बारा काय नि सहा काय. पण फाइलवर काय आहे? वस्तीची मागणी, दुपारी बारा. आता वस्तीनंच म्हटलं पाहिजे की सकाळची करा. तुम्ही म्हणून चालत नाही. मी असं करतो, स्वतः येतो, बायांना विचारतो. त्यांनी हो म्हटलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी. मग तर झालं?"

शामलाला वाटलं, देव पावला. नवतपा, मे अखेरचे ते आगीचे नऊ दिवस, लागायला अजून अवकाश होता. तिनं धावत जाऊन वस्तीत सांगितलं. साहेब येतील, विचारतील, तुम्ही फक्त म्हणा की दुपारी त्रास होतो, सकाळी पाहिजे. एवढं एकच वाक्य. बायांनी माना डोलावल्या. आत्याही ऐकत होती. तिनं नुसतं विचारलं, "साहेब लिहून घेईन काय?"

"हो. लिहूनच घेतील."

"बरं," आत्या म्हणाली.

शामला गेल्यावर मनकर्णानं काय केलं, ते तिला फार उशिरा कळलं. आत्या घरोघर गेली. साहेब त्या दिवशी काय बोलला होता ते तिनं एकेकीला आठवून दिलं. तक्रार आली, की शामलेले धरू. आन् आता साहेब तक्रारच लिहायले येऊन राहिला. जूनमध्ये पोरीची नोकरी पक्की व्हायची आहे. तोंडातून एक शब्द निघाला, तर माह्या पोरीच्या पोटावर पाय येईल. आपल्यातली एक पोरगी खुर्चीत बसली आहे, तिले आपणच खाली ओढायचं काय? एक उन्हाळाच तं आहे. आजपर्यंत किती काढले. तिनं प्रत्येकीकडून तिच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून वचन घेतलं. बायांनी दिलं. शामला त्यांचीही होतीच.

साहेब आले सकाळी आठ वाजता. उन्हाच्या आत काम उरकायचं, असं त्यांचं म्हणणं. ओट्याजवळ खुर्ची टाकली. बाया जमल्या. शामला एका बाजूला उभी होती.

"बोला, नळाचा काही त्रास? वेळ बदलायची काय?"

मनकर्णा पुढं झाली. पदर नीट केला, हात जोडले.

"काही तरास नाई साहेब. बाराचीच वेळ पाहिजे."

शामलाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. साहेबांनाही नवल वाटलं. "अहो, उन्हात उभं राहावं लागतं म्हणे?"

"ऊन तं आमच्या जल्माचंच आहे साहेब. बाराले कसं, सारे कामं आटपलेले राह्यते. पोरीनं बराबर लिहिलं होतं."

"आणि तुमचं सगळ्यांचं?"

"हाव," इंदूबाई म्हणाली. मग एक एक करून सगळ्याच हाव म्हणाल्या. कोणी शामलाकडे बघितलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं, शामलाकडे बघून खांदे उडवले आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

जीप वळणाआड जाते न जाते तोच शामलानं आत्याचा दंड धरला.

"काय केलं तू हे? काहून केलं? मी सगळं जमवून आणलं होतं!"

"कमी जमवत जाय," आत्या शांतपणे म्हणाली. "जून होऊन जाऊ दे. तुही ऑर्डर हातात येऊ दे. मंग मीच जातो साहेबाकडे, सांगतो, बदलव गा बाप्पा वेळ. तोवर गप राह्य."

"नोकरीचा काही संबंध नाही यात! कसं समजावू तुला? साहेबानं थट्टा केली होती!"

"त्याची थट्टा आन् आपला जीव. तुले नाई समजत, शिकली तरी."

"जाऊ दे मग ती नोकरी!"

आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की शामलाला आपलेच शब्द गिळावेसे वाटले. "जाऊ दे म्हनते," आत्या हळूच म्हणाली. "पंचवीस वर्सं संत्र्याच्या पेट्या उचलल्या, आन् जाऊ दे म्हनते." आणि ती घरात निघून गेली.

शामला पुन्हा चौरागड्यांकडे गेली. त्यांनी कागद दाखवला. पुन्हा सरांकडे गेली. सरांनी हात टेकले. खदानपुऱ्यात जाऊन तिनं एकेकीच्या पाया पडायचं बाकी ठेवलं, बाया "हाव वं, हाव" म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. सगळ्यांनी तिचं ऐकलं, कोणी तिचं केलं नाही. आणि मे पुढं सरकत होता.

*

नवतपा लागला. ज्यानं नागपूरचा नवतपा काढला नाही त्याला काय सांगायचं? सीताबर्डीच्या रस्त्यावर दुपारी कुत्रं दिसत नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं. केंद्राला सुट्टी लागली होती, पण शामला गावी जाणार तरी कुठं, ती तिथंच बसून अहवालाची छपाई तपासत होती. निरोप घेऊन आला इंदूबाईचा नवरा, सायकलवर, अंगरखा घामानं चिंब. तो काही सांगायच्या आतच शामला उठली.

आत्या रांगेतच पडली होती. तिचा नंबर जवळ आला होता म्हणे. "डोकं दुखून राहिलं," असं दोनदा म्हणाली. इंदूबाई म्हणाली, घरी जा, तुहा गुंड मी भरतो. तर म्हणाली, "नाई, दोन बायांचा नंबर एकीनं घेतला तं भांडन होते." मग तिला घाम यायचा बंद झाला. मग ती भलतंच बोलू लागली. छप्पन सालच्या गर्दीत असल्यासारखी, पोरगी कुठं गेली, पोरगी कडेवर होती, असं विचारू लागली. आणि ओट्याच्या कडेला डोकं टेकून बसली ती बसलीच. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. अंग तव्यासारखं तापलेलं होतं. दवाखान्याच्या कागदावर लिहून आलं, हृदयक्रिया बंद पडून. ती तर प्रत्येकाचीच बंद पडते.

शामला रडली नाही. तिला रडूच येईना. आत्याचे कोळशानं काळे झालेले तळवे तिनं ओल्या फडक्यानं पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, शेवटी बायांनी तिचा हात धरला.

बातमी छापून आली, कोपऱ्यात, चार ओळींची. तेवढ्यानं समितीला चौकशी करावी लागली. चौरागडे साहेब आले, आणि सुट्टी टाकून सरही आले. सरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. वेळ सकाळचीच. तीच खुर्ची, तोच ओटा.

"मनकर्णाबाई ऊन लागून गेल्या काय?" साहेबांनी विचारलं.

शामलानं बायांकडे पाहिलं. आता तरी! आता लपवायला उरलं काय होतं? ज्या तोंडानं गप राहायला सांगितलं ते तोंडच राहिलं नव्हतं. यांनी एकदा हाव म्हटलं, की उद्यापासून सकाळी पाणी.

इंदूबाई पुढं आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"ऊन नाई साहेब. तिले आधीपासून दमा होता."

"आणि नळाची वेळ?"

"वेळ बराबर आहे."

"खोटं!" शामला ओरडली. "खोटं आहे हे! तिला कधी दमा नव्हता. ती उन्हानं गेली. मी लिहिलेल्या वेळेनं गेली. सर, तुम्ही तरी सांगा! या घाबरून बोलताहेत, माझ्यासाठी बोलताहेत. लिहा साहेब, मी सांगते ते लिहा!"

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांना सगळं कळलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी आयुष्यभर जे शिकवलं होतं ते आता त्यांच्याच गळ्याशी आलं होतं. ते काही तरी पुटपुटले आणि जमिनीकडे बघू लागले.

"बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो," चौरागडे हळू आवाजात म्हणाले. "पण तुम्ही आता इथं राहत नाही. जबाब वस्तीच्या लोकांचाच घ्यावा लागतो." मग पुन्हा बायांकडे वळून त्यांनी विचारलं, खरंच विचारलं, दोनदा विचारलं. बाया दोन्ही वेळा तेच बोलल्या.

"पोरगी दुःखात आहे साहेब," इंदूबाई म्हणाली. "तिचं मनावर घेऊ नका. नोकरीवर काही आनू नका तिच्या."

साहेबांनी लिहिलं, दमा. जीप गेली. इंदूबाईनं शामलाला कुशीत घेतलं आणि तिच्या कानाशी म्हणाली, "लेकराच्या डोक्यावर हात ठेवून वचन देल्लं होतं वं. जूनपर्यंतचं. मेलेल्या बाईचं वचन मोडता येते काय?"

बारा वाजले तेव्हा बाया उठल्या. दुःख असलं तरी पाणी थांबत नाही. कोणी तरी आत्याचा गुंड शामलाच्या हाती दिला आणि ती रांगेत, आत्या उभी राहायची तिथं, जाऊन उभी राहिली. ऊन डोक्यात शिरत होतं. तिचा नंबर आला तेव्हा तिनं धारेखाली हात धरला आणि भाजला तरी काढला नाही, शेवटी इंदूबाईनंच तो बाजूला केला.

*

जूनमध्ये ऑर्डर आली. संशोधन सहायक, कायम. वस्तीतील लोकांचा विश्वास संपादन करण्याचे कौशल्य, असा सरांनी शिफारशीत उल्लेख केला होता. शामलानं ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि तडक खदानपुऱ्याचा रस्ता धरला. मनात एकच होतं. आता वचन संपलं. आता बोलतील.

बारा वाजून गेले होते. चार दिवसांपासून पाऊस लागून राहिला होता. कोळशाची जमीन भिजून काळीभोर, हवेत गारवा. बाया नळावर होत्या, कोणाच्या डोक्यावर पदर नव्हता, हसणं-बोलणं चाललं होतं. आत्याच्या घराला कुलूप होतं.

"इंदूकाकू, आली ऑर्डर," शामला म्हणाली. "पक्की झाले मी. आता कोणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही. चला सगळ्या माझ्याबरोबर. साहेबांना सांगू, सकाळची वेळ करा."

बायांनी तिला घेरलं. कोणी तिच्या गालांवरून हात फिरवला, कोणी डोळे पुसले. मनकर्णा पाहिजे होती, असं म्हणाल्या. इंदूबाईनं ऑर्डरचा कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला, कपाळाला लावला आणि परत दिला. मग आपला गुंड तोटीखाली सरकवत ती म्हणाली,

"आता कायले वं पोरी? ऊन गेलं ना. सकाळी आमी पेरणीच्या कामाले जातो, दुपारी घरी राह्यतो. आता तं बाराचीच वेळ बरी पडते."

"पण पुढच्या उन्हाळ्यात..."

"पुढच्या उन्हाळ्याचं पुढच्या उन्हाळ्यात पाहू," इंदूबाई म्हणाली, आणि बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. धार चांगली मोठी होती. पाणी गार होतं.